खाली माती, वर बकुळ

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हा कळलं नाही आणि आताही कळत नाही. अक्षर म्हणाल तर कोंबडी ओल्या मातीतून चालत गेल्यासारखं. हे कुणाला दाखवायचं नाहीये, कपाटात साड्यांच्या खाली राहणार आहे. तरी कुणाच्या हाताला लागलंच, तर चुका काढत बसू नका, माफ करा आणि तसंच वाचा. मला बोलायला लाज वाटते, म्हणून लिहितेय.

आम्ही मिरा रोडला शांती नगरात राहायला आलो तेव्हा नव्वद साल उजाडायचं होतं. इमारती नव्या होत्या, भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. भरती आली की खाडीच्या चिखलाचा वास खिडकीतून सरळ स्वयंपाकघरात यायचा. पाणी टँकरने यायचं. आमचे हे भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते, ते घरी आले की त्यांच्याबरोबर मशीनचा वासही घरी यायचा. मी कोकणातली, आणि माझं नाक लहानपणापासून तिखट. आई म्हणायची, हिला तोंड उधारीवर मिळालंय, नाक मात्र रोखीनं.

आमच्या शेजारचं दार उघडलं की असा काही सुवास यायचा की मी हातातलं काम सोडून उभी राहायची. तिथे कनौजकडचं एक कुटुंब राहायचं. नवऱ्याचं अत्तराचं काम, आणि बायको, तिला सगळे खाला म्हणायचे, ती घरी बसून मोठ्या बाटल्यांतून छोट्या बाटल्या भरायची. मला तिच्याशी बोलायचं होतं. पण हिंदी मला येत नव्हती आणि मराठीतही मी कुठे बोलत होते! शेवटी एक वाक्य मी मनात जुळवलं, भाकऱ्या थापताना ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, आणि टँकरच्या रांगेत खाला पुढे उभी दिसली तेव्हा धीर करून म्हटलं, "आपके घर से बहोत वास आता है."

खालाचा चेहरा उतरला. तिनं कळशी उचलली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून शेजारून अत्तराचा सुवास येईना, फिनेलचा यायला लागला. सकाळी फिनेल, संध्याकाळी फिनेल. खाला दारात बसून उंबरा घासायची आणि मी दिसले की मान फिरवायची. मला वाटलं, त्यांच्या घरात कुणी आजारी पडलंय.

मी ह्यांना सगळं सांगितलं. हे चहा पीत होते. माझं वाक्य ऐकलं आणि त्यांनी कप खाली ठेवला, कारण हसताना सांडायला लागला.

"अगं, त्यांच्यात वासाला बास म्हणतात, आणि बास म्हणजे घाण," हे म्हणाले. "खुशबू म्हणायचं. तू त्या बाईला सांगितलंस, तुमचं घर नासलंय म्हणून."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपल्याकडे मोगऱ्यालाही वास आणि मोरीलाही वास, वेगळा शब्द लागतोच कुठे? दुसऱ्या दिवशी मी घावणे केले, नारळाचा गुळातला रस काढला, डबा घेतला आणि खालाच्या दारात उभी राहिले. जुळवलेली हिंदी सगळी विसरले. मी तिच्या घरात बोट दाखवलं आणि म्हटलं, "खुशबू." मग परत म्हटलं, "खुशबू, खुशबू." खाला आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिला उमगलं. ती दाराच्या चौकटीला धरून हसली. त्या दिवसापासून तिनं माझा 'वास' हा शब्दच उचलला. बाहेर जायला निघाली की मला विचारायची, "दुल्हन, आज कौन सा वास लगाऊँ?" लग्नाला चार वर्षं झाली तरी ती मला दुल्हनच म्हणायची.

दुपारी माझं काम आटपलं की मी तिच्याकडे बाटल्या भरायला बसायची. तिथे बोलावं लागत नव्हतं, नाकाचं काम होतं. तिनंच मला शिकवलं की दोन अत्तरं बाटलीत एकत्र करायची नाहीत, ती अंगावर भेटवायची. आंघोळीनंतर अंग अगदी कोरडं व्हायच्या आधी जड अत्तर लावायचं, चंदन, हिना, वाळा असं काहीतरी. मनगटावर, कोपराच्या आतल्या बाजूला, कानामागे. घासायचं नाही, बोटानं दाबायचं. मग ते बसू द्यायचं. तोवर वेणी घालावी, भांडी लावावीत. ते अंगाचं झालं की त्याच्यावर हलकं फुलाचं अत्तर, अगदी काडीच्या टोकाएवढं. वरचं आधी उडून जातं, खालचं संध्याकाळपर्यंत राहतं. आणि एकच जोडी दोन बायकांना लावली तरी दोघींचा वास वेगळा येतो. बाटलीतलं अत्तर सगळ्यांचं, अंगावरचं ज्याचं त्याचं.

माझ्यासाठी काही जुळत नव्हतं. गुलाबानं माझं डोकं चढायचं, हिना लावली की मी दुसऱ्याच कुणाची साडी नेसल्यासारखी वाटायची. एकदा खालानं एक लहान बाटली पुढे केली, म्हणाली मौलसिरी. असलं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. बूच काढलं आणि मला आमच्या शाळेच्या मागची बकुळ दिसली. तिथे आम्ही मुली फुलं वेचून केसांत माळायला वळेसर करायचो, ती फुलं सुकली तरी वास सोडायची नाहीत. मी खालाला सांगायचा प्रयत्न केला, पण बकुळीला हिंदीत काय म्हणतात ते आता ह्या बाटलीवरूनच कळत होतं. आणि तिच्याकडे मातीचं अत्तरही होतं. माती विकत घेणारे लोक आहेत हे ऐकून मला आधी हसूच आलं. पण त्या दिवशी मी खाली माती लावली, ती बसू दिली, आणि वर बकुळ. सडा घातलेलं अंगण आणि त्यात रात्री पडलेली फुलं, असं ते झालं. मी स्वतःचंच मनगट पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होते.

संध्याकाळी हे कामावरून आले, चपला काढल्या आणि घरात इकडेतिकडे बघायला लागले.

"गावाहून कोण आलंय का?"

मी काही सांगितलं नाही. हे मोरीतही डोकावून आले.

इमारतीतल्या बायका जिन्यात मला थांबवून विचारायला लागल्या, काय लावलंस गं? मी लाजून खालाच्या दाराकडे बोट दाखवायची. पण खालाची भाषा त्यांना जमेना आणि त्यांची तिला, म्हणून सगळं फिरून माझ्याकडेच आलं. खाला म्हणाली, बाटल्या तू ने, विकल्या की पैसे दे. अत्तराचा धंदा तिच्या नवऱ्याचा, पण ह्या छोट्या बाटल्या तिच्या माहेरहून तिच्या नावानं यायच्या, त्यांचे पैसे तिचे एकटीचे होते.

मी बायकांना जोड्या लावून द्यायला लागले. ह्या कामात मला बोलावं लागायचं नाही. हात हातात घ्यायचा, मनगटाचा वास घ्यायचा, आणि मग ठरवायचं. तळमजल्यावरची एक फोर्टला ऑफिसात जायची, तिला वाळ्यावर अगदी कणभर मोगरा दिला, जवळ आल्याशिवाय कळू नये असा. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभीच्या हाताला कायम हिंगाचा वास. तो जात नव्हता, म्हणून त्याच्याशी जमेल असं चंदन शोधलं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्यांच्या घरी सगळ्या बायकांचं बसणं-उठणं असायचं, त्यांना सगळं भरपूर लागायचं. खाली हिना, वर केवडा. वहिनी जिना उतरायच्या आधी त्यांचा वास उतरायचा.

बायका बाटली घ्यायच्या आणि म्हणायच्या, देते गं एक तारखेला. मी मान हलवायची. एक तारीख यायची आणि जायची. मी कुणाला विचारलं नाही. कुणाचं किती हे मी लिहूनही ठेवलं नव्हतं, वासावरूनच माझ्या लक्षात होतं. वहिनींनी तर घरच्या कार्यक्रमाला बायकांना वाटायला म्हणून डझनावारी बाटल्या नेल्या होत्या. आणि खालाही मला विचारत नव्हती. ती विचारत नाही, मी विचारत नाही, असं वर्ष सरलं.

मग खालाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी कनौजला आजीकडे वाढलेली. खालानं एका सोनाराकडे कानातले बुंदे पाहून ठेवले होते. ते आईनं स्वतःच्या पैशांनी द्यायचे, नवऱ्याकडे मागायचे नाहीत, असं तिच्या मनात होतं. मला ती बुंद्यांबद्दल कितीतरी दिवस सांगत होती, हातानं आकार दाखवून. कनौजच्या गाडीचं तिकीट आलं तसं मी विचारलं, बुंदे आणले का? खाला बाटल्या भरत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "देखेंगे, दुल्हन. बाद में देखेंगे."

मी घरी आले आणि मला कळलं की ते बुंदे माझ्याकडे आहेत. म्हणजे इमारतीतल्या बायकांच्या कानामागे आणि मनगटांवर आहेत. खाला जायच्या आत ते पैसे आले नाहीत तर मुलगी रिकाम्या कानांनी सासरी जाणार, आणि ती मला कधी बोलूनही दाखवणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पदर नीट घेऊन निघाले. तळमजल्यावर दार वाजवलं. दार उघडलं, ती म्हणाली, काय गं? माझ्या तोंडून निघालं, "वाटीभर साखर आहे का?" तिनं दिली. दुसऱ्या मजल्यावर गुजराती भाभीकडे गेले, तिथेही साखरच मागितली. समोरच्या दारातही तेच. घरी आल्यावर हे साखरेकडे बघत म्हणाले, "आज काय, बासुंदीबिसुंदी आहे?" मी रडायच्या बेतात होते, पण त्यांनी विचारलं असं की हसूच आलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी जाऊन मागू का, म्हणाले. मी नको म्हटलं. तो अत्तराचा मामला होता, तो पॉलिशवाल्याला जमणारा नव्हता.

मग मी ठरवलं, सगळ्यात मोठी उधारी आधी. तिसरा मजला. वर जाताना हातात वाटी मुद्दाम घेतली नाही, म्हणजे साखर मागता येणार नाही.

दार वहिनींच्या मिस्टरांनी उघडलं, साखळी न काढता. बनियन, लुंगी, हातात वर्तमानपत्र. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "ती माहेरी गेलीय. चार दिवस झाले. आली की पाठवतो."

मी मान हलवली आणि वळले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वास आला. हिना, आणि तिच्यावर केवडा. नुसती हिना असती तर मी गेले असते. हिना पडद्यांना, उशांना धरून राहते. पण केवडा थांबत नाही, तो तासाभरात उडतो. हा केवडा नुकताच लावलेला होता.

मी परत दाराशी आले. कुठून बोलले ते मला आजही माहीत नाही.

"वहिनी माहेरी गेल्या," मी म्हटलं, "आणि वास इथेच ठेवून गेल्या?"

त्यांनी मागे वळून बघितलं, आणि तिथेच ते फसले. पडद्यामागून कुणीतरी तोंड दाबून हसल्याचा आवाज आला आणि मग हसू दाबता येईना.

"अहो, काढा ती साखळी," वहिनी बाहेर येत म्हणाल्या. "नाकानं पकडलं मेलीनं."

त्यांनी मला आत बसवलं, चहा केला आणि तांदळाच्या डब्यातून पैसे काढले. म्हणाल्या, "पैसे नव्हते असं नाही गं. पहिल्या महिन्यात राहून गेलं, मग दुसऱ्यात लाज वाटली. तू एकदा तरी भांडायचंस." मी म्हटलं मला भांडता येत नाही. त्या म्हणाल्या, आज आलं की.

वहिनींनी ही गोष्ट लपवली नाही. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत त्यांनीच सगळ्यांना सांगितली, मिस्टरांच्या मागे वळून बघण्याच्या नकलेसकट. रांगेतल्या बायकांनी हसून कळश्या खाली ठेवल्या. कुणीतरी म्हणालं, बायांनो, हिचे पैसे देऊन टाका, नाहीतर ही वास काढत येईल. मी कळशीत तोंड घालावं अशी लाजले. पण संध्याकाळपासून दार वाजायला लागलं. ऑफिसवालीनं पैसे दिले आणि म्हणाली, साखर राहू दे. भाभीनं पैशांबरोबर ठेपले आणले. एकजण तोवर बेव्हर्ली पार्ककडे राहायला गेली होती, तिनंही भावाबरोबर पाठवले. नोटांच्या चळतीला सगळ्या मजल्यांचे वास येत होते.

सगळे पैसे जमले तोवर खालाची गाडी दुसऱ्या दिवसावर आली होती. ट्रंक उघडी पडली होती, सोनाराचं दुकान बंद व्हायला अजून वेळ होता. मी पैसे तिच्या हातात दिले. ती न बघताच कनवटीला लावायला लागली. मी तिचा हात धरला.

"गिनो," मी म्हटलं.

खाला माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, बोट ओठाला लावलं आणि एकेक नोट मोजली. मोजून झाल्यावर एक दहाची नोट तिनं वेगळी काढली आणि माझ्या हातात परत ठेवली, ती जास्त आली होती. बाकीच्या नोटांची घडी करून ती उठली आणि पायात चपला घालत म्हणाली, "पूरे हैं, दुल्हन. एक भी बाकी नहीं."