बोलत्या हाताची रजा

लॉन्ड्रीत मावशींचा हात कोणी धरू शकत नसे, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगावी लागत नसे. त्या स्वतःच सांगत. हॉटेलांचे टेबलक्लॉथ, दवाखान्यांच्या चादरी, साहेबलोकांचे सूट, सगळं त्यांच्या टेबलावरून सुतासारखं सरळ होऊन जायचं. इस्त्री जड, वाफेची, वरून नळी लोंबणारी. ती उजव्या हातात धरून मावशी दिवसभर तोंडाने बोलत. तोंड थकलं की घरी जाऊन हाताने बोलत.

हाताने बोलत म्हणजे अगदी खरोखरच. त्यांचे यजमान छापखान्यात बाइंडर. लहानपणी तापात कान गेले ते गेलेच. छापखान्याच्या खडखडाटात बाकीचे कामगार एकमेकांच्या कानाशी ओरडून घसा बसवून घेत आणि बाइंडर शांतपणे पानं जुळवत बसत. लग्नानंतर मावशी हातांची भाषा शिकल्या, आणि अशा शिकल्या की नवऱ्याला मध्ये बोलायला फट राहिली नाही. चारचौघांत त्या नवऱ्याला 'अहो' म्हणत, 'हे' म्हणत. पण हातांच्या भाषेत अहोजाहो कुठून आणणार? बोट सरळ समोरच्याच्या छातीकडे जातं: तू. सासूबाईंना हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

ऐकू येणाऱ्यांच्या घरात भांडण झालं की अबोला धरायची सोय असते. इथे बाइंडर डोळे मिटून घेत. डोळे मिटले की विषय संपला, मग समोर बायको कितीही घर डोक्यावर घेवो. मावशी रागाने पाय आपटत. त्याने खालच्या मजल्यावरचे लोक तेवढे वर यायचे.

असा संसार सुखाने चालला होता आणि मावशींचं उजवं कोपर दुखायला लागलं.

बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकाशी ठणका. आधी मलम झालं, मग पट्टा झाला, कुणी शेक सांगितला, कुणी बर्फ. एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तर दुखणं पळालं. मावशी गल्लीभर त्यांचे गुण गात फिरल्या, आणि गाणं संपायच्या आत दुखणं दुप्पट होऊन परत आलं. लॉन्ड्रीच्या मालकांनी त्यांना इस्त्रीवरून काढून घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. ते मनाला लागलं, पण तेही सोसलं असतं. सोसवेना ते वेगळंच होतं. एका संध्याकाळी नवऱ्याला काहीतरी सांगता सांगता वाक्य अर्ध्यात सोडून हात मांडीवर येऊन पडला, आणि उचलवेना.

त्यांनी डाव्या हाताने बोलून पाहिलं. बाइंडर हसले, म्हणाले, परगावची पाहुणी बोलतेय असं वाटतं. मग मावशींची वाक्यं आखडत गेली. जेवलास? हो. बिल भरलंस? भरलं. दिवा घालव. घरातली दोन माणसं समोरासमोर बसून भिंतीकडे बघायला लागली. मावशींना इस्त्री सुटल्याचं भय नव्हतं. आपलं म्हातारपण असं मुक्याने जाणार, याचं होतं. हे त्यांनी फक्त लेकीला फोनवर सांगितलं. नवऱ्याला सांगायला तोच दुखरा हात लागला असता.

लेकीने डॉक्टर शोधल्या. लेकीच्याच वयाच्या, शांतपणे बोलणाऱ्या. त्यांनी कोपर चेपून पाहिलं, मशीन फिरवून पडद्यावर आतलं दाखवलं. "मावशी, स्नायूला हाडाशी बांधणारी ही दोरी झिजलीय. आपण तुमचंच थोडं रक्त काढू, यंत्रात गरगर फिरवू. त्यातला भरून काढणारा भाग वेगळा होतो. तो सुईने बरोबर या जागी सोडायचा."

"म्हणजे माझ्याच हातातलं काढून माझ्याच हातात?"

"हो."

"मग मध्ये तुमचं काय काम?"

डॉक्टर हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "एक मात्र आधीच सांगते. गुण येईलच अशी हमी मी देत नाही. काहींना चांगला येतो, काहींना येत नाही. आणि सुरुवातीला जास्त दुखेल. तुमच्या नेहमीच्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या तेव्हा घ्यायच्या नाहीत, शरीराला आपलं काम करू द्यायचं. आणि हाताला पूर्ण विश्रांती हवी."

सुई टोचून झाली, आणि मग विश्रांती मावशींनी अशी घेतली की बघत राहावं. लॉन्ड्रीतून रजा. स्वयंपाक बाइंडरांकडे, भांडी बाइंडरांकडे. लेक येऊन वेणी घालून जायची. चहाचा कपसुद्धा मावशी डाव्या हाताने उचलत आणि आल्यागेल्याला अभिमानाने दाखवत. दिवसभर खिडकीत बसून गल्लीतली येजा बघायची. आणि रिकामपणी दिवसभर साठलेलं माणूस संध्याकाळी काय करणार? बाइंडर दारात पाऊल ठेवत तोच त्या सुरू होत. समोरच्यांकडे नवं कपाट आलं, ते जिन्यात अडकलं, मग कोण काय बोललं, सगळं हातवाऱ्यांनिशी. एरवी दुखतं म्हणून थांबणारा हात आता थांबत नव्हता. कोपर ठणकायचं, पण डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना दुखेल म्हणून. दुखतंय म्हणजे आत काम जोरात चाललंय, या हिशोबाने मावशी दात आवळून आणखी बोलत.

ठरल्या दिवशी नवरा-बायको दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कोपर पाहिलं, पडदा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "काहीच फरक नाही. हाताने काय काम केलंत?"

"इकडची काडी तिकडे केली नाही हो मी. यांनाच विचारा." आणि मावशी साक्षीदाराकडे वळल्या. उजवं कोपर वर गेलं, मनगट झटकलं, बोटं फटाफटा उघडली, मिटली, मूठ तळव्यावर आपटली: सांग यांना, भांडी कुणी घासली, केर कुणी काढला, मी बोट तरी हलवलं का? बाइंडरांनी प्रामाणिकपणे मान हलवली.

डॉक्टर बघत राहिल्या. "मावशी, हे काय करताय?"

"काही नाही. बोलतेय यांच्याशी."

"रोज असंच बोलता?"

"मग? नवरा आहे माझा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. काम काय करता ते विचारलं, घरी कसं बोलता ते विचारलंच नाही." मावशींना रडावं की हसावं कळेना. इतके दिवस जिवापाड सांभाळलेला हात त्यांनी रोज संध्याकाळी स्वतःच उसवून ठेवला होता.

काही आठवड्यांनी पुन्हा रक्त, पुन्हा यंत्र, पुन्हा सुई. या वेळी हात झोळीत बांधूनच घरी आला. मावशींनी डाव्या हाताने, अडखळत, नवऱ्याला बातमी दिली: मी बोलायचं नाही. नवऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद झळकला असं मावशी पुढे सगळ्यांना सांगत, पण ते खरं धरू नका. बाइंडर गंभीर झाले होते. म्हणाले, नवं बांधलेलं पुस्तक वजनाखाली ठेवतो आम्ही. कुणी घाईने उघडलं तर कणाच सुटतो. तू आता वजनाखाली. बोलेन ते मी.

आणि ते बोलायला लागले. पहिल्या संध्याकाळी छापखान्यातल्या गमती सांगितल्या. पुढे जुने मालक, जुनी यंत्रं निघाली. मावशींना उत्तर देता येत नव्हतं, मध्ये तोंड घालता येत नव्हतं. डाव्या हाताने एक खूण तेवढी जमायची, पंजा हलकेच फिरवायचा: पुढे. अशाच एका संध्याकाळी बाइंडरांनी त्या तापाची गोष्ट काढली. ताप उतरला, डोळे उघडले, तर भोवती सगळी माणसं उभी, ओठ हलतायत आणि आवाज नाही. मला वाटलं, माझ्या हातून काही चूक झालीय. सगळ्यांनी ठरवून माझ्याशी बोलणं सोडलंय. मी वाट बघत राहिलो, यांचा राग कधी जाईल म्हणून.

मावशींचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती, कारण ती सांगायला त्यांनी कधी जागाच ठेवली नव्हती. त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले आणि मग त्याच हाताने खूण केली: पुढे.

झोळी सुटली. मग व्यायाम आले, हलकी वजनं आली, ती मावशींनी कुरकुरत पण नेमाने केली. बोलायची परवानगीही हळूहळूच मिळाली. लेक चिडवायची, "आईला डॉक्टरांनी शब्द औषधासारखे लिहून दिलेत, जेवणानंतर थोडे थोडे." काही दिवस बरे जायचे, काही वाईट. एकदा तर ठणका उठला तेव्हा मावशींनी आशाच सोडली, पण तोही गेला. लॉन्ड्रीत त्या परत रुजू झाल्या, अर्धा दिवस, रुमाल आणि उशांच्या खोळी. घरी मात्र त्या जपून बोलत. छोटी वाक्यं, कोपर कमरेला चिकटलेलं. डॉक्टर म्हणत आता बोला मोकळं, पण मनातली धास्ती पडद्यावर दिसत नाही.

मग एक दिवस त्या कामावरून घरी आल्या आणि बघतात तर जेवणाच्या टेबलावर, त्यांनी स्वतः इस्त्री केलेल्या पांढऱ्याशुभ्र कापडावर, खळीचं भांडं. बाजूला ब्रश. बाइंडरांनी सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांचं फाटकं पुस्तक दुरुस्तीला घेतलं होतं.

मावशींनी पिशवी खाली टाकली. दोन्ही हात वर गेले. हे कापड कुणी धुतलं, कुणी कडक केलं, तुला दुसरी जागा मिळाली नाही का, आणि मागे त्या उशीचं काय केलं होतंस, आणि माझ्या भावाच्या लग्नातला तो कोट, असा लग्नाच्या दिवसापासूनचा सगळा पाढा त्यांनी वाचायला घेतला. कोपर खांद्याच्या वर, मनगटं झटकतायत, बोटं हवा कापतायत. बाइंडर समोर उभे. डोळे मिटायची त्यांची ती जुनी खोड, पण आज पापणी लवत नव्हती.

पाढा कोटाच्या बाहीपाशी आला आणि मावशींच्या एकदम लक्षात आलं. हात तसाच हवेत थांबला. त्या आपल्याच कोपराकडे बघत राहिल्या.

दुखलं? बाइंडरांनी विचारलं.

मावशींनी कोपर दुमडलं, सरळ केलं, पुन्हा दुमडलं. नाही, त्या म्हणाल्या.

बाइंडरांनी खळीचं भांडं उचलून खाली ठेवलं. खुर्ची ओढली, बायकोच्या अगदी समोर बसले, आणि डावा पंजा हलकेच फिरवला: पुढे.