चिमीचा गुडघा

“आधी पाठ बोलते, तोंड नंतर,” असं म्हणत ते खुर्चीतून उठत. उजवा हात गुडघ्यावर टेकवत, घशातून बारीकसा ‘हं’ काढत, आणि भिंतीवरच्या आरशापुढे जाऊन उभे राहत. मग पन्नाशी उलटलेले ते गृहस्थ आमच्यादेखत कधी मांजर होत, कधी सासुरवाशीण. अंगात जेवढं आलं, तेवढंच कागदावर उतरवत.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये आम्ही हलती चित्रं काढत असू. चित्रामागून चित्र, प्रत्येकात तसूभर फरक. खालून दिवा लावलेली काच दुपारी तापे, आणि ओल्या रंगाचा वास केसांत बसे तो रात्री उशीवरही येई. ते आमचे मुख्य चित्रकार. मी नुकतीच मराठी घेऊन एम. ए. झालेली, त्यांच्या रेषा गिरवणारी. मला ते ‘बाईसाहेब’ म्हणत.

पाणी उकळून प्यावं हे सांगणारी एक छोटी फिल्म आमच्याकडे आली. तिची नायिका चिमी, आठ वर्षांची. पहिला खेळ घोटी गावात, शाळेच्या मैदानावर झाला. पडद्यावर चिमी जमिनीवरून उठली, आणि पुढे बसलेल्या एक मावशी मोठ्यानं म्हणाल्या, “अगं बया, पोरीचे गुडघे लय दुखत्यात वाटतं!”

मैदान हसलं. सगळ्यांत जास्त ते हसले. परतीच्या जीपमध्ये मात्र स्वतःचा गुडघा चाचपत होते. आरशात स्वतःला पाहून काढलेल्या चिमीत त्यांचाच गुडघा शिरला होता.

फिल्म करवून घेणारे साहेब म्हणाले, “दिवाळीपर्यंत पोर जिवंत करा. नाहीतर पुढचं काम मुंबईला देऊ.” पुढचं काम नसतं, तर आमचं गॅरेजही नसतं.

ते थेट एका बालनाट्य शिबिरात दाखल झाले. मलाही नेलं. तिथली पोरं त्यांना ‘आजोबा’ म्हणत, झाड करत आणि हातांच्या फांद्यांना लोंबकळत. लोंबकळणाऱ्या पोरांकडे ते घामेजल्या चेहऱ्यानं टक लावून पाहत.

“बाईसाहेब, पोरं उठत नाहीत हो. आधी उडतात, पाय मागाहून शोधतात.”

तसं उठायला गेले आणि कोसळले. सतरंजीवर बसूनच गुडघा चोळत म्हणाले, “डोक्याला कळलंय, हा ऐकत नाही. आता तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मी पदर सावरून उठले.

“ही चिमी नाही,” ते म्हणाले. “ही ‘लोक काय म्हणतील’ उठली.”

मी पुन्हा उठले. पुन्हा तेच. अंग चोरायची सवय माझ्या हाडांत मुरली होती. आरशात मला माझ्याआधी माझी भीड दिसे.

त्यांनी आरशावर चादर टाकली. “राहू द्या आज,” म्हणाले, आणि चहा सांगायला बाहेर गेले. मी जमिनीवर बसून ब्रश धूत होते. एवढ्यात दाराबाहेरून हाक उठली, “चिमे, धाव गं, कुल्फीवाला चालला!”

मी उठले हे मला उठल्यावर कळलं. बांगड्या वाजल्या, पदर मागे राहिला, फरशीचा गारवा तळव्यांना उशिरानं लागला. ते दारात उभे होते. हातात पेन्सिल नव्हती. डोळे मिटून ते माझं उठणं स्वतःच्या पाठीत साठवत होते.

“आलं,” एवढंच बोलले. मग म्हणाले, “कुल्फी नाहीये हां. चहाच आहे.”

दिवाळीआधी घोटीला पुन्हा पडदा लागला. चिमी उठली, कळशी घेऊन पळाली, आणि त्याच मावशी शेजारणीला म्हणाल्या, “बघ कशी पळती, सांडंल आता पाणी!” अंधारात ते कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. पुढचं काम आम्हालाच मिळालं.

काही वर्षांनी ते गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा माणसं जमिनीवर बसली होती. आजोबांच्या मांडीवर वाढलेली नात, चिमीपेक्षाही लहान, भिंतीला टेकून होती. आतून कुणीतरी तिला हाक मारली.

ती उठली. उजवा हात गुडघ्यावर टेकवून, घशातून बारीकसा ‘हं’ काढून.

आणि मग धावत आत गेली.