हार्ड डिस्कची राजीखुशीनं वाटणी

आमच्या घरात आजवर दोन वाटण्या झाल्या. एक मोर्शीच्या संत्राबागेची, दुसरी कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची. पहिलीत माझी विहीर गेली, दुसरीत बाप गेला.

बाप म्हणजे बाबांचा आवाज. मी पहिलीत असताना, साठ-बासष्टच्या सुमारास, आम्ही अकोल्याला राहत होतो. बाबा शेतकी खात्यात होते. एकदा त्यांनी साहेबांच्या परवानगीनं ऑफिसचा टेपरेकॉर्डर घरी आणला. तेव्हा भरलेला आवाज तेवढा त्यांचा शिल्लक. त्यात उपदेश, आशीर्वाद असलं काही नाही. ‘‘सुरू झालं काय हे? आवाज येऊन राहिला काय?’’ असं ते पुष्कळ वेळ मशीनलाच विचारतात. मग आईला म्हणतात, ‘‘तू बोल न काही. लाजून काहून राहिली?’’ पुढं नुसती शांतता. (आईनं तोंडात पदर कोंबला होता.) शेवटी ‘‘हात नको लावू त्याले!’’, एक सणसणीत थप्पड, आणि माझं भोकाड. संपलं.

बाबा गेल्यावर माझ्या धाकट्या भावानं, विनूनं, ती जुनी फीत कॉम्प्युटरवर उतरवून आणली. त्यानंतर फितीचे तुकडेच झाले. तेव्हापासून राजापेठेतल्या आमच्या आताच्या घरी आई रोज दिवेलागणीला कॉम्प्युटरसमोर बसायची. ‘तू बोल न काही’ झालं की त्या शांततेत उत्तर द्यायची, ‘‘चुलीवर चहा व्हता, काय बोलू?’’ चाळीस वर्षं उशिरा, पण रोज.

अशात विनूला लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीचं, वेड लागलं. मला टायपिंगसाठी विंडोजच हवं, आणि कॉम्प्युटर एक. विनू म्हणाला, एकाच डिस्कचे दोन भाग पाडू, एकात तुझं, एकात माझं. वाटणी म्हटल्यावर माझ्या अंगात घरचा कर्ता संचारला. म्हटलं, मग रीतीनं होऊ दे. मोठ्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. बागेच्या वेळी असंच केलं होतं, आणि या पठ्ठ्यानं विहिरीचा, पहिला वाटा उचलला होता. ते मी अजून विसरलेलो नाही.

रविवारी सकाळी विनूनं लिनक्सची सीडी घातली. पडद्यावर एक लांबलचक पट्टी आली. काय कुठं दाबायचं ते मला दाखवून तो दाढी करायला गेला. मी पट्टीचे मधोमध दोन तुकडे केले. (मोजणीवाला करणार नाही इतके सारखे!) मग हाक मारून विचारलं, ‘‘बोल, कोणता वाटा तुहा?’’

तो फेसातून म्हणाला, ‘‘पहिला!’’

पुन्हा पहिलाच! मला विहीर आठवली, पण रीत म्हणजे रीत. पहिल्या वाट्यात आधीपासून काय आहे, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. (माझी समजूत अशी, की रेघ ओढली की ज्याचं सामान त्याच्या वाट्यात आपोआप जातं.) मी पहिला वाटा विनूच्या नावावर केला. मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. असा प्रश्न मला आयुष्यात एकदाच कुणी विचारला होता, तो बागेच्या वेळी, रजिस्ट्रारच्या कचेरीत. ‘राजीखुशीनं ना?’ तिथं कागद वाचत बसायचं नसतं, मान हलवायची असते. मी हो म्हटलं. मशीननं पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

विनू अर्ध्या गालाला फेस घेऊन बाहेर आला आणि पडदा बघून तसाच खाली बसला. ‘‘दादा, मी मजाक केला होता. पहिल्यात बाबा होते. लिनक्स भरताना पुसल्या गेले.’’

आता आईला काय सांगायचं? आई पंचाहत्तरीची, उंचीनं माझ्या खांद्याला लागत नाही, पण तिच्यासमोर पटवारीसुद्धा खाटेवर बसायचा नाही. आम्ही डिस्क काढून दुकानात धावलो. दुकानदार कुणाच्या मौतीला आल्यासारखा हळू आवाजात म्हणाला, वरून नवीन भरलं गेलंय, आता काही निघणार नाही.

त्या संध्याकाळी लाइन गेली. भारनियमनाला मी जन्मात पहिल्यांदा हात जोडले. पण रोज कोण वाचवणार? दुसऱ्या दिवशी दार लावून आम्ही माईकसमोर बसलो. माझा आवाज बाबांसारखा आहे असं सगळे म्हणतात, म्हणून बाबा मी झालो. थप्पड विनूनं स्वतःच्या मांडीवर मारली. रडणं तेवढं मी गाळलं. पन्नाशीला आलेल्या माणसानं भोकाड कसं पसरायचं?

दिवेलागणीला आई येऊन बसली. विनूनं लावलं. ‘तू बोल न काही’ आलं, आईनं चहाचं उत्तर दिलं. आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून उभे. थप्पड झाली, संपलं. आई आमच्याकडे वळली.

‘‘बाकी बराबर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘शेवटी तू रडत व्हता, ते राह्यलं.’’

मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं, वाटे, राजीखुशी, दुकान. सांगताना मला खरंच रडू फुटलं. तिनं डोळ्याला पदर लावला.

‘‘म्हंजे पुन्हा गेले,’’ एवढंच म्हणाली. मग माझी पाठ थोपटली. ‘‘भर पुन्हा. आता पुरं भर.’’

पुन्हा माईक लागला. मी मशीनला विचारलं, सुरू झालं काय हे? मग म्हटलं, तू बोल न काही, लाजून काहून राहिली? आणि माझ्या खांद्यावरून आई माईकमध्ये म्हणाली, ‘‘चुलीवर चहा व्हता, काय बोलू?’’ कसंबसं ‘हात नको लावू त्याले’ म्हटलं आणि विनूच्या मांडीची वाट बघू लागलो. विनूचा हात काही उठला नाही. आईचा उठला.

आता रोज दिवेलागणीला आई तेच ऐकते. घरी कुणी आलं तर त्यालाही बसवून ऐकवते, आणि सांगते की यातला बाप नकली आहे, पण पोराचं रडणं एकदम अस्सल आहे.