चार्ज देऊन येतो

अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत पंचवीस वर्षं कारकुनी केली आणि तिथला एक इंग्रजी शब्द गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आणला. आई माहेरी निघाली की स्वयंपाकघराचा ‘चार्ज’ माझ्याकडे. डॉक्टर फार ‘चार्ज’ करतो, म्हणून ताप अंगावर काढायचा. माझ्या थोरल्या भावावर, दादावर, पोलिसांनी जमावबंदी मोडल्याचा ‘चार्ज’ ठेवला, तेव्हा मात्र अण्णा तो शब्द शेजारी ऐकतील या भीतीने पुटपुटले.

“तुझ्यापायी माझी नोकरी जाईल,” ते म्हणायचे.

“जाऊ दे की. मुंबई तर येईल!” दादा म्हणायचा. तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता आणि संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला की पुढेच.

पेपरात तेव्हा रोज ‘सौम्य लाठीचार्ज’ असायचा. छापणाऱ्याच्या नडगीवर एक सौम्य फटका द्यायला हवा होता. एका दुपारी आमच्या गॅलरीखालीच तो झाला. पळता न आलेल्या म्हाताऱ्या भाजीवालीच्या मनगटावर लाठी बसली आणि हाताचं हाड बाहेर आलेलं मी वरून पाहिलं. कोपऱ्यावरून दगड आले, मग गोळ्या सुटल्या. दादा म्हातारीला ओढून जिन्यात आणत होता. त्याच्या पोटात गोळी घुसली.

मी खाली धावले. पदराचा बोळा करून दाबला, तो भिजला, माझ्या कोपरापर्यंत रक्त आलं. चाळीतल्या चौघांनी त्याला हातगाडीवर घालून इस्पितळाकडे नेलं. मी कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जाऊन कचेरीत फोन केला.

“अण्णा, दादाला गोळी लागलीय. पोटात. असाल तसे या.”

ते म्हणाले, “चार्ज देऊन येतो.”

कपाटांच्या किल्ल्या, शिक्के, फायली यांची यादी करायची, दुसऱ्या कारकुनाची सही घ्यायची, मगच खुर्ची सोडायची, असा तिथला रिवाज. त्यांच्या साहेबांनी पुढे घरी येऊन सांगितलं, “अहो, किल्ल्या माझ्यापुढे टाकून पळाले असते तरी चाललं असतं. मीच म्हणत होतो, जा.” पण अण्णांनी यादी केली. दोन प्रतींत, मध्ये कार्बन घालून.

मी इस्पितळात पोचले तेव्हा दादा शुद्धीवर होता. ओठ पांढरे पडले होते.

“अण्णा आले?”

“येतायत.”

थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानंतर तो बोलला नाही.

अण्णा आले तेव्हा चादर तोंडावर ओढली होती. ट्राम बंद, म्हणून फोर्टातून चालत आले होते. कोटाची सगळी बटणं लावलेली, आणि वरच्या खिशात घडी केलेली ती कार्बनची प्रत. मी ती खेचून काढली, फाडली आणि त्यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत सुटले. वडिलांवर हात उचलला मी. नर्सने मला मागे ओढलं. त्यांनी हातसुद्धा आडवा घातला नाही.

“माझं नाव काढलं का गं त्याने?” त्यांनी विचारलं.

‘नाही’ म्हणायला काय लागलं असतं मला?

“दोनदा,” मी म्हणाले. “दोनदा विचारलं, अण्णा आले का म्हणून.”

ते भिंत धरत खाली फरशीवर बसले, आणि मला बरं वाटलं.