उद्याची अंजिरं

माझे धाकटे दीर पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं फिटर होते. बोलणं मोजकं, पण हात कधी रिकामा नाही. आमच्याकडे जेवायला आले की पानं मांडेपर्यंत गळका नळ नीट करून ठेवत आणि म्हणत, "वहिनी, नळ मी बंद केला. तुमच्या बडबडीसाठी मात्र माझ्याकडे हत्यार नाही."

चाळिशी उलटल्यावर त्यांनी कारखाना सोडला आणि वडिलांची अंजिराची साठ झाडं सांभाळायला घेतली. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, मीही काढलं. आमच्याकडच्या अंजिराची साल फार पातळ. उतरवलेलं फळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतही धड राहत नाही. शहरातल्या बाजारात पोचेपर्यंत पेटीचा तळ ओला होतो. म्हणून व्यापारी त्याला हात लावत नसत, आणि आमच्याच गल्लीतल्या दुकानात कुठून कुठून आलेली, जाड सालीची, पाणचट अंजिरं मांडलेली असत.

"फळाला लोकांपर्यंत जाता येत नाही ना?" भाऊजी म्हणत. "मग लोकांनी फळापर्यंत यावं."

एवढ्यावरून त्यांनी अंजीर महोत्सव सुरू केला. दहा बागायतदारांच्या दारात चार-चार वेळा जाऊन बसले. सोसायटीची फळं निवडायची पत्र्याची शेड मागून घेतली. पाट्या स्वतः रंगवल्या, यंत्रावर धोक्याची सूचना लिहावी तशा ठळक अक्षरांत: 'दाबून पाहू नये. खाऊन पाहावे.' पहिल्या वर्षी आलेल्यांत निम्मे आमचेच नातेवाईक होते. तिसऱ्या वर्षी शेडबाहेर गाड्या लावायला जागा उरली नाही.

शिरताच पहिलं टेबल चवीचं. तिथली अंजिरं फुकट, आणि ती नेहमी भाऊजींच्या बागेतली. तिथे खायचं आणि पुढे ज्याच्याकडून हवी त्याच्याकडून पेटी घ्यायची. बाकीच्यांच्या पेट्या दहापर्यंत येत राहत, पण चवीचं टेबल आठला भरलेलं असे. त्यासाठी त्याच दिवशी पहाटे तीनपासून तोडणी. भाऊजी फळ ओढत नसत. मान वाकून फळ खाली लोंबायला लागलं असेल तेवढंच हातात घेत. "ज्यानं मान टाकली ते आजचं," ते सांगत. "ताठ आहे ते उद्याचं. उद्याच्याला आज हात लावायचा नाही. ते चीक सोडतं, आणि तोडल्यावर पिकतही नाही."

चौथ्या वर्षी बागायतदारांचा धीर सुटला. त्यांच्यातल्या एकाला सगळे अध्यक्ष म्हणत, कारण तो पोरांच्या भांडणातही मध्यस्थी करायला उभा राहायचा. तो भाऊजींना म्हणाला, "एका रविवारावर वर्ष निघत नाही, फिटर. जाड सालीची रोपं मिळतायत. या वेळी पेट्या हातोहात गेल्या तर झाडं ठेवू. नाहीतर कुऱ्हाड लावू. मंजूर?"

"मंजूर," भाऊजी म्हणाले.

नेमके त्या आठवड्यात त्यांचे तोडणीचे दोन गडी आजारी पडले. माझी लेक तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ती म्हणाली, "काका, मी येते. तीन मैत्रिणींनाही आणते."

मी म्हटलं, "पहाटे तीनला? शिडीवर? अंधारात? मुळीच नाही." माझ्या डोळ्यांसमोर लगेच सगळं उभं राहिलं: घसरलेली शिडी, गवतातला साप, हायवेवरचे ट्रक. लेक दहा मिनिटं उशिरा आली तरी मी गॅलरीत उभी असे.

भाऊजी हसले. "वहिनी, तिच्या कमरेला दोरी बांधा आणि दुसरं टोक तुमच्याकडे ठेवा. काळजी वाटली की ओढा."

"चेष्टा पुरे. शनिवारी दुपारी उजेडात तोडा. मग चारही मुली पाठवते, मीही येते."

"शनिवारी ती उद्याची असतील, वहिनी."

"एका रात्रीनं असं काय बिघडतंय?"

ते बराच वेळ बोटाची कातडी सोलत बसले. दुसरे हात मिळत नव्हते, आणि मला नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. सासूबाई गेल्या तेव्हा ते बारा वर्षांचे होते. शाळेचा डबा माझ्या हातचा नेला होता त्यांनी.

शनिवारी आम्ही तोडणी केली. मान टाकलेली फळं दोन टोपल्याही भरली नाहीत. बाकीची सगळी ताठ होती. देठातून पांढरा चीक ठिबकत होता, मुलींची बोटं चिकट झाली. भाऊजी शिडीखाली उभे राहून एकेक फळ कापडात ठेवत होते आणि प्रत्येक वेळी देठ पुसत होते. लेक सुखरूप घरी आली. मी अगदी निश्चिंत झोपले.

रविवारी साडेसातला भाऊजींनी एक फळ फोडून तोंडात टाकलं. उरलेलं अर्धं बाजूला ठेवलं. दाराशी माणसं जमली होती. मऊ वाटली तेवढी त्यांनी पुढे मांडली. ती तासाभरात संपली, मग उरलेली ठेवावी लागली. एक लहान मुलगी ओठ चोळत रडायला लागली. तिच्या आईनं टेबलावरचं पाणी घेऊन तिचं तोंड धुतलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अंजीर आहे की डिंक?" लोक हसले आणि वळले. दहाला बाकीच्यांच्या पेट्या आल्या, आतली फळं मधासारखी होती, पण तोवर शेड अर्धी रिकामी झाली होती.

संध्याकाळी न विकलेल्या पेट्यांभोवती सगळे उभे होते. मी कोपऱ्यात सुऱ्या धूत होते.

"आदल्या दिवशी तोडायची अक्कल कोणाची?" अध्यक्षानं विचारलं.

"माझीच," भाऊजी म्हणाले. "अंदाज चुकला."

"बावीस वर्षं पंप जोडलेस तेच बरं होतं."

मी मान वर केली नाही. एक वाक्य पुरलं असतं. मी सुरी पुसली आणि दुसरी घेतली.

त्या हिवाळ्यात अकराही बागांत कुऱ्हाडी चालल्या. भाऊजींनी आपली झाडं स्वतः तोडली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आता ते पुन्हा त्याच कारखान्यात जातात, रोजंदारीवर. आमच्याकडे येतात, माझ्याशी पूर्वीसारखेच बोलतात. लेकीला परगावी नोकरी लागली, तेव्हा तिला गाडीत बसवून द्यायला तेच पहाटे गेले.

मागच्या महिन्यात अध्यक्ष मला दवाखान्याच्या रांगेत भेटला. न राहवून मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातला कागद घडी करून खिशात ठेवला.

"बाई, तेव्हा का नाही बोललात?" तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, फिटरलाच आता फळातलं कळेनासं झालं. त्याच्या भरवशावर तर थांबलो होतो. ही घाई तुमची होती हे कळलं असतं, तर अजून एक वर्ष दिलं असतं आम्ही."

हे मी भाऊजींना अजून सांगितलेलं नाही. ते दर रविवारी येतात, आणि दर रविवारी मी त्यांना चहा देऊन दुसरंच काहीतरी बोलते.