थिनरचा उघडा डबा आणि आईची काडेपेटी

ग्रुपवरच्या मंडळी, घाईघाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

भांडुपच्या आमच्या वन रूम किचनमधलं जुनं लाकडी कपाट आज रंगवायला काढलं. पॉलिश पेपरने घासायचा मला जाम कंटाळा. दुकानदार म्हणाला, "पाण्यात मिसळायचा रंग घ्या, वास येत नाही." पण मला चकाचक हवं होतं ना! ऑइल पेंटच घेतला. थिनरने पुसलं की घासावं लागत नाही, असं एका व्हिडिओत पाहिलं होतं.

ओल्या रंगावर कबुतरं बसतील म्हणून खिडक्याही लावून घेतल्या.

संध्याकाळी डोकं जड झालं, म्हणून जरा पॅसेजमध्ये गेले. परत येते तर आई कपाटाजवळ उभी. तिथेच भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे, रोज या वेळी ती मेणबत्ती लावते. सर्दीमुळे तिला वासच येत नव्हता. पायाशी थिनरचा उघडा डबा, बंद खोलीत त्याची भपकन पेटणारी वाफ, हातात काडेपेटी.

"सादळलीय वाटतं गं," म्हणत ती दुसरी काडी काढत होती.

धावत जाऊन तिचा हात धरला.

"वेडी झालीस का? सोड!" ती चिडली. मग माझं तोंड बघून तिने काडेपेटी माझ्या हातात दिली.

आता खिडक्या सताड उघड्या आहेत. बसू देत कबुतरं.

घासल्याशिवाय कुठला रंग बसेल, हे मी तुम्हाला आठवडाभर विचारत होते. सगळ्यांनी उत्तरं दिलीत. घरात दिवा कोण लावतं, हे मात्र कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

तुमच्याकडे कोण लावतं?