डावीकडचा वायपर

"पाशिंजरानं बघून काय करायचं हाय?"

आमच्या गल्लीतला ड्रायव्हर येता-जाता हे वाक्य बोलायचा. त्याच्या जुन्या पांढऱ्या गाडीला पुढच्या काचेवर वायपर एकच, त्याच्या बाजूचा. डावीकडं नुसती खुंटी. तिथला वायपर काढून त्यानं घरात फडक्यात गुंडाळून ठेवलेला. उजवीकडचं रबर झिजलं की तो चढवायचा. दोन्ही एकदम कशाला झिजवायची, असं त्याचं म्हणणं.

त्याचं नाव लिहीत नाही. कळलं तर भांडायला येईल.

काच मात्र जिवापाड जपायचा. उन्हात गाडी लावली की रबर काचेला चिकटू नये म्हणून वायपर उभा करून ठेवायचा. गल्लीतली पोरं म्हणायची, गाडीनं करंगळी वर केलीया, लघवीला सोडा तिला. धुरळा बसला की आधी पाणी मारायचा, मगच वायपर. कुणी कोरडा वायपर फिरवताना दिसला की त्याच्या गाडीपुढं जाऊन उभा राहायचा.

"खरवडतोयस व्हय रं? खोबरं हाय का ते?"

माणसांशी मराठीत भांडायचा, गाडीशी कानडीत लाडानं बोलायचा. "नडी, नडी," म्हणजे चल, चल. बायकोशी मी कधी तेवढ्या लाडानं बोललो नाही.

मी निपाणीत वखारीतली तंबाखूची पोत्यांएवढी बोदं उचलून म्हातारा झालो. बायको बिड्या वळायची. ती आजारी पडली आणि बेळगावच्या दवाखान्याला आमच्या खेपा सुरू झाल्या, त्याच्याच गाडीतून. मागं बसलं की तिला मळमळायचं, म्हणून ती पुढं. मी मागं, पिशव्यांबरोबर.

तिचं माहेर त्याच वाटेवरच्या एका खेड्यातलं. बेळगाव यायच्या आधी मोठ्या रस्त्यावरून डावीकडं त्याचा फाटा फुटतो. तिला तो फाटा बघायचा असायचा, एवढंच. घरी जाऊया म्हटलं तर नको म्हणायची. "असलं तोंड घिऊन भावाच्या दारात जायचं न्हाय. रडत बसंल त्यो."

पहिल्या खेपेला पाऊस होता.

"ड्रायवर, माझा फाटा आला का?"

"गेला की मागं."

"सांगायचं न्हाईस?"

"मला वाटलं तुमाला दिसला."

"कशातनं दिसंल? माझ्याकडं नुस्ती खुंटी हाय."

"आक्का, पाशिंजरानं बघून..." एवढं म्हणेपर्यंत तिनं त्याच्याकडं बघितलं होतं. ते बघणं मला ठाऊक होतं. मी खाली बघून पिशव्या नीट लावायला लागलो.

दुसऱ्या खेपेला तो पुढच्या काचेला तिच्या बाजूनं तंबाखू चोळून आला. ही जुन्या ड्रायव्हरांची युक्ती. काचेवर पाणी ठरत नाही म्हणतात. बायकोनं बसल्या बसल्या नाक धरलं.

"बिड्या सोडून दवाखान्याला निघाले, तर काचंला बी तंबाखू? पानं घिऊन ये, तुझी गाडीच वळून देते."

तो हसला, ती हसली, मग तिला खोकला लागला. फाटा त्याही दिवशी दिसला नाही.

तिसऱ्या खेपेला गाडी दारात आली तेव्हा डावीकडच्या खुंटीवर वायपर होता. फडक्यातला. पण इतकी वर्षं जपून जपून रबर कडक झालेलं. कडेला नुसतं कुरकुरायचं, मधोमध भाकरीएवढी काच साफ व्हायची. बायको त्या भाकरीतून बघत बसली. फाट्याशी गाडी हळू झाली.

"पिंपळ वाढलाय की," ती म्हणाली. मग बेळगावपर्यंत तिची टकळी थांबली नाही. त्या पिंपळाखाली एसटीची वाट बघताना कुणाकुणाशी भांडण झालं, सगळं सांगितलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला त्यातलं एकही ठाऊक नव्हतं.

परत आल्यावर मी बघितलं, त्या कडक रबरानं काचेवर चरा उमटला होता. चांगला हातभर. ड्रायव्हरलाही दिसला असणारच. पण पावसाळाभर त्यानं तो वायपर काढला नाही.

आता तो गल्लीत नाही. पोरगा बेळगावजवळ मच्छे गावात कामाला आहे, त्याच्याकडं राहायला गेला. गाडी विकली. बायकोही गेली. सकाळी उठलो की कुणावर ओरडायचं हेच कळत नाही.

तिच्या शेवटच्या खेपेला आम्हांला दवाखान्यात पोचायला दुपार झाली. डॉक्टरनं सकाळची वेळ दिलेली. पाऊस चांगलाच होता. फाट्याशी आलो आणि गाडी डावीकडं वळली.

"अरं, दवाखाना सरळ हाय," मी मागनं ओरडलो.

"व्हय आप्पा? पाऊस हाय. मला काय दिसंना झालंय."

दोन्ही वायपर चालू होते. मला मागं बसून पिंपळाचं पानन् पान दिसत होतं.

"फिरव मागं," बायको म्हणाली. "मी जाणार न्हाय असल्या तोंडानं."

"फिरवतो की आक्का. फिरवायला जागा तर गावू दे."

रस्त्याला दोन्हीकडं मोकळी रानं. तरी त्याला तिच्या भावाच्या दारापर्यंत जागा गावली नाही.

अंगणात चिखल होता. त्यानं उतरून आपली छत्री उघडली, तिच्या डोक्यावर धरली आणि हाताला धरून तिला दाराकडं न्यायला लागला. ती त्याला बोलतच होती.

"डोळं तपासून घे तुझं."

"व्हय आक्का."

"आंधळ्याच्या हातात गाडी दिलीया. लायसन काढून घ्याय पायजे."

"व्हय आक्का. पाय जपून."

भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. बहीण ड्रायव्हरशी भांडत येतेय बघून त्याला हसू आवरेना.

मी पिशव्या घेऊन मागनं भिजत निघालो. छत्री एकच होती.